मधले थांबे

जावईबापूंनी फोनमध्ये बघून सांगितलं, "टोरांटो ते मुंबई, साडेबारा हजार किलोमीटर. साडेपंधरा तास." अंगणात बसलेल्यांनी माना हलवल्या. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकलं. हे बरोबर नाही हे मला माहीत होतं. मी काही बोलले नाही.

लिहायचं एवढंच होतं. पण एवढंच लिहून परत वाचलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतं. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

आमचं घर बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. पुढे रस्ता, मागे पेरूची बाग. माझे मालक एस.टी.चे ड्रायव्हर होते आणि बरीच वर्षं याच रस्त्यावर त्यांची गाडी होती. घरासमोरून जाताना हॉर्न वाजवायचे, फार नाही, नुसतं बोट लावल्यासारखा. इंदापूरला गाडी किती वेळ उभी राहणार, परत कधी फिरणार, बारामतीला गाडी लावून हे सायकलवर घरी कधी येणार, सगळं मला पाठ होतं. परतीचा हॉर्न झाला की तासाभराने मी तवा ठेवायची. भाकरी कधी गार झाली नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीचा वर्ग पलीकडच्या गावात होता, तीन किलोमीटरवर. वडील म्हणाले, लांब आहे. तीन किलोमीटर काही लांब नव्हतं. मधे ओढा होता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की पलीकडची माणसं पलीकडे आणि अलीकडची अलीकडे. पण वडिलांनी ओढ्याचं नाव घेतलं नाही, लांब आहे एवढंच म्हणाले. लग्नानंतर हे यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "किलोमीटर मास्तरला इचारायचं. डायव्हरला इचारायचं थांबं."

हे त्यांचं ठरलेलं बोलणं होतं. कुणी विचारलं, इंदापूर किती लांब, की हे उलट विचारायचे, "कंच्या गाडीनं? जलद का साधी?" एक थांबा म्हणजे दोन मिनिटं. बाजाराच्या दिवशी चार. कुणाकडे कोंबड्यांची पाटी असली तर सहा. पाटीवर लिहिलेलं किलोमीटर रस्त्याचं असतंय, म्हणायचे, माणसाचं नसतंय.

आम्हाला एकच मुलगा. पुण्यात शिकला आणि तिकडे टोरांटोला नोकरी लागली. पहिल्यांदा जायच्या दिवशी अंगणात बॅगा बांधत होता. यांना म्हणाला, "आण्णा, साडेबारा हजार किलोमीटर आहे."

"ते ऱ्हाऊ दे. थांबं किती?"

"एकच."

"किती येळ?"

"आठ-नऊ तास."

"नऊ तास? डायव्हर शेताला पाणी धरून येतोय का काय?"

मुलगा बॅगेवर बसून हसत होता. चेन लागत नव्हती म्हणून बसला होता.

त्या दिवशी सकाळी मी मटकी भिजत घातली होती. त्याला उसळ आवडते म्हणून. पाण्यात घातल्यावर लक्षात आलं, मोड येतील तेव्हा खाणारा घरात नसेल. आता भिजवलीच होती. गाडी दहा वाजता निघाली. संध्याकाळी मी मटकी उपसून फडक्यात बांधली. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याचा फोन आला, "आई, पोचलो. खोलीवर आलो." मी फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने फडकं सोडलं. मोड नखाएवढे झाले होते. मला फोनवर बोलायला सुचत नाही, समोरचा दिसत नसला की जास्तच. मी म्हणाले, "मटकीला मोड आलं."

यावर बापलेक दोघंही हसले, एक इकडे आणि एक तिकडे. तेव्हापासून तो आमच्या तिघांचा शब्द झाला. तो यायला निघाला की तिकडून फोन करायचा, "आई, मटकी टाक." मी टाकायची. तो दारात उतरायचा तेव्हा मोड आलेले असायचे. चार वेळा आला, चारही वेळा तसंच झालं. थंडीत मोड जरा बारीक, उन्हाळ्यात जरा मोठे, एवढाच फरक. हे म्हणायचे, "इमानाचं टाइमटेबल आमच्या डब्यात हाय." बाहेर कुणाला आम्ही हे सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतं त्यात.

तो दिवस उन्हाळ्यातला. सकाळी सहाच्या सुमाराला हे ओट्यावर बसले होते. इंदापूरकडे जाणारी पहिली गाडी ते रिटायर झाल्यावरही रोज बघायचे आणि घड्याळ बघून म्हणायचे, "टायमात हाय," नाहीतर, "तीन मिनिटं लेट." मी आत चहा गाळत होते. गाडी गेल्याचा आवाज आला. हे काही म्हणाले नाहीत. मी कप घेऊन बाहेर आले तर डोकं भिंतीला टेकलेलं होतं आणि हात मांडीवर उताणे होते. मी कप खाली ठेवला. मग उचलून आत नेला आणि चहा परत पातेल्यात ओतला, पातेल्यावर झाकण ठेवलं. मग शेजारच्या घरी जाऊन आक्कांना सांगितलं. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

डॉक्टर येऊन गेले. मुलाला फोन मीच लावला. तिकडे आदल्या दिवसाची रात्र होती, जेवणाची वेळ.

"आण्णा गेलं," मी म्हणाले.

"कुठं?" तो म्हणाला.

"गेलं रे."

 त्याच्याकडे भांड्याचा आवाज झाला.

साडेआठला त्याचा परत फोन आला. मागे माणसांचा आणि कसल्या तरी घोषणांचा आवाज होता. "आई, तिकीट मिळालं. आत सोडतायत. मला थांबा. आण्णांचं तोंड बघू दे मला." मी बरं म्हणाले. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "मटकी टाक." सवयीने आलं असावं त्याच्या तोंडून. मी डब्यातून मूठभर मटकी काढली, निवडली, धुतली आणि पाण्यात घातली.

आक्का आत आल्या. "अगं, काय करतीस तू? ह्या येळंला कडधान्य भिजवतीस?"

"काय न्हाय," मी म्हणाले.

त्या बाहेर जाऊन बायकांना सांगताना मी ऐकलं, "रडत न्हाय ती. मटकी भिजवतीया."

अंगणात मांडव घालायचं चाललं होतं. माझे थोरले दीर, ज्यांना सगळी भावकी आबा म्हणते, ते खुर्चीवर बसले होते. माझ्या लग्नापासून ते माझ्याशी सरळ बोललेले नाहीत आणि मीही नाही. आमच्यात तशीच पद्धत. मधे आक्का असतात.

"तिला इचार, पोरगं कुठनं बसलं?"

आक्कांनी मला विचारलं. मी म्हणाले, "टोरांटोतनं."

"उतरणार कुठं?"

"मुंबईला."

मधलं कुणी विचारलं नाही. ज्यांनी विचारलं असतं ते आत चटईवर होते.

मग जावईबापूंनी फोन काढला. जावईबापू म्हणजे आबांचे जावई. बारामतीला कंपनीत आहेत, शिकलेले, स्वभावाने गरीब. पण जावई तो जावई. आमच्याकडे जावयाने पाणी खारट आहे म्हटलं तरी कुणी गोड आहे म्हणणार नाही. त्यांनी अंतर सांगितलं, तास सांगितले आणि बोटावर मोजलं. "आता बसला म्हंजे रात्री बारापर्यंत मुंबईत. तितनं पाच-सहा तास. उद्या सकाळी सातच्या आत दारात."

"एवढ्या लवकर?" कुणीतरी म्हणालं.

"इमान हाय, साधी गाडी न्हाय," आबा म्हणाले. "वर कोण हात दावतंय थांबायला?"

"म्हसरं बी आडवी येत न्हाईत," दुसरं कुणी म्हणालं. दोघंतिघं खालच्या आवाजात हसले आणि गप्प झाले.

आबांनी ठरवलं, उद्या सकाळपर्यंत थांबायचं. बारामतीहून थंड पेटी आणायला माणसं गेली.

मी दाराआड उभी होते. चौथीपर्यंतची बेरीज मला येते. आज साडेआठला भिजवलेली मटकी उद्या दिवेलागणीला मोडावर येणार, त्याच्या आधी तो काही येत नाही. आणि दिवस मावळल्यावर आमच्याकडे माणूस नेत नाहीत. म्हणजे परवाची सकाळ. दोन रात्री. हे मी आक्कांच्या कानात सांगितलं असतं तर आबा म्हणाले असते, मग कशाला थांबायचं, आजच दुपारी उचला. एवढ्या उन्हाळ्यात दोन रात्री कोण थांबणार? बरोबरच होतं त्यांचं.

म्हणून मी गप्प राहिले. हे नेहमी सांगायचे, थांब्यावर एक तास उभा राहिलेला माणूस गाडी आली नाही तरी जात नाही, आणखी एक तास थांबतो. इतका वेळ थांबलोय तर, असं म्हणतो. मला वाटलं सकाळपर्यंत थांबले की हेही तसेच थांबतील.

पेटी आली. वर काच होती. पेटी घूं घूं असा बारीक आवाज करायची. काचेवर आतून वाफ धरायची, मी बाहेरून पदराने पुसायची, वाफ तशीच राहायची. दिवसभर बायका येऊन गेल्या. गळ्यात पडल्या, रडल्या. माझा खांदा त्यांच्या डोळ्यांच्या पाण्याने ओला झाला होता. मी पेटीच्या पाटीवर लिहिलेलं वाचत होते. बर्फ टाकू नये, असं लिहिलं होतं.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात मटकी उपसत होते तेव्हा फोन वाजला. घरात दुसरं कुणी नव्हतं, सगळे मांडवात होते.

"आई, मधे उतरलोय. इथं नऊ तास आहेत. उद्या दुपारी मुंबई, संध्याकाळपर्यंत घरी. थांबलेत ना?"

"थांबल्यात."

"सगळ्यांना सांगितलंस ना, संध्याकाळ होईल म्हणून?"

"व्हय," मी म्हणाले.

"आई, व्हिडिओ लाव ना. एकदा बघतो. मग आल्यावर बघीनच."

व्हिडिओ लावता येतो मला. त्यानेच शिकवला आहे, आम्ही रोज तसंच बोलायचो. पेटी दहा पावलांवर होती. पण मी फोन धरून पेटीपाशी उभी राहिले असते की सगळे जमले असते. आबा म्हणाले असते, बघितलं का पोरानं तोंड? झालं तर मग. आणि त्याने कधी पोचणार तेही सगळ्यांसमोर सांगितलं असतं.

"नको," मी म्हणाले. "फोनमधी काय बघायचं. येतोस की. समोर बघ."

"बरं," तो म्हणाला. त्याने हट्ट केला नाही. हट्ट न करणं त्याने माझ्याकडून घेतलं आहे.

मी मटकी फडक्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी सातला सगळे जमले. नरसिंहपूरकडची माझ्या माहेरची माणसं मुक्कामालाच होती. दोन्ही घरांत आदल्या सकाळपासून चूल पेटली नव्हती. म्हातारी माणसं वस्तीवरून आलेल्या चहावर बसली होती. सात वाजून गेले, आठ वाजले. रस्त्यावर गाडीचा वेग कमी झाला की सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. मुलाचा फोन बंद लागत होता. जावईबापू पुन्हा पुन्हा स्वतःच्या फोनमध्ये बघत होते. "साडेपंधराच दावतंय," म्हणत होते. "इमान लेट झालं असंल." त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

नऊला पेटीवाल्याचा माणूस आला. पेटी दुपारी दुसऱ्या गावाला द्यायची होती.

आबा उठून पेटीपाशी गेले, काचेवर हात ठेवला. म्हणाले, "उभ्या जन्मात गाडी लेट केली न्हाय ह्यानं. आन आज आपण त्याचीच गाडी थांबवून धरलीया." मग आक्कांना म्हणाले, "तिला इचार, पोराचा काय निरोप हाय का."

आक्का माझ्याकडे आल्या. मी दाराच्या चौकटीत आले. डोक्यावर पदर होता. मांडवातले सगळे पुरुष माझ्याकडे बघत होते. इतक्या माणसांनी एका वेळी माझ्याकडे लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. मला सांगायचं होतं, काल संध्याकाळी त्याचा फोन आला होता. तेवढं सांगितलं असतं तर झालं असतं. पण मग काल का नाही सांगितलंस, हे आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "संध्याकाळ व्हईल त्याला."

"कशावरनं?" आक्का म्हणाल्या.

"मटकीला अजून मोड न्हाईत."

 आक्कांनी माझ्या दंडाला धरलं. "कालपास्नं अशीच करतीया," त्या माझ्या माहेरच्यांना म्हणाल्या. जावईबापू खाली बघायला लागले. आबा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून पण आक्कांना उद्देशून, हळू आवाजात म्हणाले, "आत न्हे तिला. पाणी दे."

दहाला उचललं. अग्नी पुतण्याने दिला. बायका मांडवापर्यंतच. मी ओट्यावर उभी होते. माणसं इंदापूरच्या बाजूला थोडी चालली आणि पेरूच्या बागेच्या कडेने मागच्या ओढ्याकडे वळली. तेवढ्यात बारामतीची एक गाडी आली. ड्रायव्हरने ती बाजूला घेऊन उभी केली आणि सगळे जाईपर्यंत सोडली नाही. चार मिनिटं थांबली. मी आतल्या घड्याळात बघितलं.

पाऊण वाजता फोन आला. "आई, उतरलो, बॅग घेऊन बाहेर आलो. गाडीत बसतोय."

"ये," मी म्हणाले. "सावकाश ये."

दुसरं काही सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. कालच सांगितलं होतं ना मी, थांबल्यात म्हणून. सहा तास तो त्या गाडीत तसंच समजून बसला.

दुपारी आक्कांकडून कडू घास आला, माणूस नेल्यावरचं पहिलं जेवण, पिठलं आणि भाकरी. सगळ्यांनी घोटभर पाणी पिऊन खाल्लं. मी दीड भाकरी खाल्ली. भूक लागली होती.

तो आला तेव्हा दिवस नुकताच मावळला होता. गाडीतून उतरला, बूट काढले, मांडवात आला. पेटी जिथं होती तिथं जमीन ओली होती. तो तिथं उभा राहिला. आबांनी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं. जावईबापू पुढे आले. "माझी चूक झाली दाजी," ते म्हणाले. हा त्यांच्या बायकोचा चुलतभाऊ, वयाने लहान, तरी त्याला दाजी म्हणाले. घाबरल्यावर माणूस नाती विसरतो. "फोनमधी साडेपंधरा तास दाखवलं."

"फोनमध्ये?" तो म्हणाला. "ते सरळ उडालं तर. मी मधे नऊ तास बसून होतो. मला कुणी विचारलं का?" त्याने आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं. मग माझ्याकडे वळला. "आई, तू सांगितलं होतंस ना यांना?"

माझ्या आधी आक्का बोलल्या. "ती कुठं ठिकाणावर हाय रं बाबा. सकाळी सगळ्यांम्होरं मटकी मटकी करत हुती."

तो माझ्याकडे बघत राहिला. तिथं जमलेल्यांत तो शब्द त्या एकट्यालाच कळणारा होता. तो आत गेला. मी मागे गेले. त्याने फडक्याची गाठ सोडली. मोड नखाएवढे होते. "सांगितलं होतंस तू," तो म्हणाला. "त्यांनाच कळलं नाही." आणि तिथं खाली बसून तो रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात किती वेळ ठेवायचा असतो ते मला कळत नव्हतं.

जावईबापू त्याच संध्याकाळी बारामतीला गेले. तिसऱ्या दिवशी सावडायला आले, लांब उभे राहिले. मुलगा त्यांच्याशी बोलला नाही. आबाही त्यांना पाव्हणं म्हणायचे बंद झाले होते, नुसतं "अहो" म्हणायचे.

रक्षा घेऊन आम्ही नरसिंहपूरला संगमावर गेलो. येताना बाकीचे टेम्पोतून पुढे गेले आणि पुतण्याच्या गाडीत मी आणि मुलगा दोघंच होतो. तोच चालवत होता. इंदापूर सोडल्यावर आमच्या पुढे एक साधी गाडी लागली. ती प्रत्येक थांब्याला थांबायची आणि मुलगा मागे थांबायचा. पुढे काढता आली असती. त्याने काढली नाही. चौथ्या का पाचव्या थांब्याला एक बाई पाटी घेऊन चढत होती. पाटी दारात अडकली होती. तेव्हा मी म्हणाले, "तू मधनं फोन केलास, ते मी कुणाला सांगितलं न्हाय."

"कुठला फोन?"

"आदल्या दिवशीचा. संध्याकाळचा."

तो पुढे बघत होता. "म्हणजे त्यांना माहीतच नव्हतं?"

"न्हाय."

"मला व्हय म्हणालीस तू."

"व्हय."

"का?"

"आधीच सांगितलं असतं तर पहिल्या दिवशीच उचललं असतं."

पाटी आत गेली. कंडक्टरने घंटी दिली. "आणि व्हिडिओ?" तो म्हणाला.

"तू बघितलंस म्हटल्यावर थांबलं नसतं."

पुढची गाडी गेली. आमची तिथंच उभी होती. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. "निदान तेवढं तरी बघितलं असतं, आई," तो म्हणाला. मी व्हय म्हणाले. रस्त्याच्या कडेला पेरूचा हातगाडा होता. विकणारा पेरूंवर पाणी मारत होता. तो पेरू पुसून परत तिथंच ठेवायचा, मी ते बघत होते. मागून परत हॉर्न वाजला तेव्हा मुलाने गाडी सोडली. 

दहाव्याला जावईबापू आले तेव्हा मुलगा आपण होऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. माझं नाव घेतलं नसावं, कारण जावईबापू त्यानंतरही माझ्याकडे बघताना मान खाली घालत होते.

जायच्या आदल्या दिवशी त्याने एका कागदावर मोठ्या अक्षरात सगळं लिहिलं. तिकडच्या घरातून विमानतळ किती. तिथं किती आधी जावं लागतं. पहिलं विमान किती तास. मधला थांबा किती. दुसरं विमान. मुंबईत बाहेर यायला किती. मुंबईहून घर किती. सगळ्यांखाली रेघ मारून बेरीज केली. छत्तीस तास. "हे कपाटात ठेव," तो म्हणाला. "कुणी विचारलं तर नुसतं दाखव. तुला बोलावं लागणार नाही." रागाने म्हणाला नाही. मी कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला.

तो गेला. त्या दिवशी मी मटकी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला, "पोचलो." मी बरं म्हणाले. त्याने थोडा वेळ वाट बघितली, मग ठेवला.

कपाट रोज उघडावं लागतं. रोज तो कागद दिसायचा. बरेच दिवस गेल्यावर एकदा साडी काढताना लक्षात आलं, हा कागद पुढच्या वेळी दाखवायचा आहे, आणि पुढच्या वेळी तो माझ्यासाठी येणार. तेव्हा दाखवायला मी नसेन. पेटीत असेन, नाहीतर तीही नसेल. आणि अंगणात परत कुणीतरी फोन काढून बघेल.

मला याचं काही वाईट वाटलं नाही. फक्त कागद चुकीच्या ठिकाणी आहे असं वाटलं. मी तो नखाने सोडवला. एक कोपरा फाटला.

जावईबापू पुढच्या रविवारी आक्कांकडे आले होते. मी कागद घेऊन तिकडे गेले. आक्का मागे गोठ्यात होत्या. आबा झोपाळ्यावर बसले होते. जावईबापू उठून उभे राहिले.

"पाव्हणं," मी म्हणाले. पदर डोक्यावर होता आणि आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटत होता. "तुमची चूक नव्हती. आदल्या दिवशी सांजच्याला त्याचा मला फोन आला हुता. उद्या संध्याकाळ व्हईल म्हणाला हुता. मी सांगितलं न्हाय."

झोपाळ्याची कडी वाजायची थांबली.  मधे आक्का नव्हत्या, त्यामुळे आबांना बोलता येत नव्हतं.

मी कागद पुढे केला. "हे तुमच्यापाशी ठेवा."

जावईबापूंनी कागद घेतला. वरून खाली वाचला. मग मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मामी, मधी नऊ तास थांबतंय व्हय?"

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची बारीक घडी केली, फोनचं कव्हर काढलं, घडी आत ठेवली आणि कव्हर परत बसवलं.